जिभेखाली कोणी पाहिलं नाही

मुदखेड,
६ जुलै २०२५

चि. उमाशंकर,

अनेक आशीर्वाद, पण आज ते रीत म्हणून.

काल दुपारी आपली अव्वा एकटी आमच्या दारात येऊन उभी राहिली. हातात कापडी पिशवी, तीत दोन लुगडी, विभूतीची डबी आणि अर्धवट खाल्लेली भाकरी. लातूरहून एसटीने नांदेड, तिथून ऑटोत आठ माणसांत कोंबून मुदखेड. बहात्तर वर्षांची बाई! आधी तुझा फोन नाही, शिल्पाचा नाही. मी लावला तर "ती आपल्या मनानं गेली" एवढं बोललास आणि ठेवून दिलास. परत लावला तर उचलला नाहीस. म्हणून हे पत्र. फोन मध्येच कापता येतो. पत्र फाडलंस तरी तुकडे जुळवून वाचशील, एवढा तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

अव्वा आल्यापासून बोलते आहे. थांबतच नाही. सकाळी चूळ भरायच्या आधी सुरू होते ती अंथरुणावर पडेपर्यंत. सगळं कानडीत. माझ्याशी बोलते, मी उपकेंद्रावर गेले की तुझ्या दाजींशी बोलते. त्यांना कानडीतलं 'ऊट' म्हणजे जेवण एवढंच कळतं. ते बिचारे मान डोलवतात आणि ती दर वेळी ताट वाढते. काल तर ती पाण्याच्या मोटारीशी बोलत होती.

मी विचारलं, "अव्वा, काय झालं लातूरला?" म्हणाली, "अल्लि मातु इल्ल." तिथं बोलणंच नाही. पुढे एक अक्षर सांगत नाही, उलट भालकीच्या तिच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट सुरू करते.

चार वर्षांपूर्वी लेकीच्या शिक्षणासाठी उदगीरचं घर सोडून तू लातूरला बारदान्याचं दुकान टाकलंस, तेव्हा अव्वाला मी सोबत ठेवून घेते म्हणाले होते. "आईला माझ्यापासून तोडू नको" असं तूच म्हणालास. मग आता असं काय केलंस, की तिला मोटारीशी बोलावं लागतंय? खरं काय ते लिही. थोडं लिही, पण खरं लिही.

तुझी,
अंबिकाआक्का

◆

लातूर,
१३ जुलै २०२५

ती. आक्कास,
शरणु शरणार्थी.

तुझं पत्र मिळालं. न्यायाधीश होऊनच लिहिलंस. दुसरी बाजू ऐकायची पद्धत सरकारी नोकरीत शिकवत नाहीत वाटतं.

आम्ही अव्वाला घालवलं नाही. तिला वेगळी खोली आहे, पंखा आहे, शिल्पा तिची ज्वारीची भाकरी वेगळी करते. तुला फक्त पिशवी दिसली. अक्षराचं काय चाललंय ते तुला माहीत नाही, आणि आम्ही सांगितलंही नाही, कारण सांगायची लाज वाटते.

पोरगी सात वर्षांची झाली. दुसरीत आहे. तिचं बोलणं बाहेरच्याला कळत नाही. आम्हाला सवयीनं कळतं. वर्गात पोरं तिला 'बोबडी' म्हणतात. तीन वर्षांपूर्वी बालवर्गात होती तेव्हा शाळेच्या मोठ्या मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. त्यांनी विचारलं, घरात कोणती भाषा? मी सांगितलं, आजीशी कानडी, आमच्याशी मराठी, शाळेत इंग्रजी, खाली भाडेकरूंशी हिंदी. मॅडमनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "एवढ्याशा डोक्यात चार भाषा कोंबल्या तर जीभ अडखळणारच. पहिलं ते कानडी बंद करा." मी बालरोगाच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, हो, एकच भाषा ठेवा, येईल बोलायला. मग मी काय करायचं होतं? दोन शिकलेली माणसं एकच सांगतात तेव्हा बारदानेवाल्यानं काय समजायचं?

म्हणून घरात नियम केला. स्वयंपाकघरात कागद लावला, 'या घरात मराठीच बोलावे.' अव्वानं ऐकलं. कधी उलट बोलली नाही. तिचं मराठी तुला माहीतच आहे, पन्नास वर्षं उदगीरच्या बाजारात शिकलेलं. केवढ्याला, कमी करा, नको. तेवढ्यात अक्षराशी काय बोलणार? हळूहळू बोलायची थांबली. मला वाटलं, वय झालं.

तीन वर्षं वाट पाहिली. वेखंड उगाळून चाटवलं. मठातून विभूती आणून जिभेवर लावली. काही फरक नाही. या जूनअखेर शाळेनं सांगितलं, दिवाळीपर्यंत मूल वर्गात उत्तर द्यायला लागलं नाही तर विशेष शाळेत घाला, आम्ही पटावर नाव ठेवू शकत नाही. आक्का, पोरगी गणितं तोंडी करते, माझ्या दुकानात शंभर पोत्यांचा हिशेब माझ्या आधी सांगते. तिला मंदबुद्धी म्हणून लिहून देणार आहेत.

त्याच आठवड्यात मी गच्चीवर गेलो तर अव्वा अक्षराला मांडीवर घेऊन हळू आवाजात कानडी बोलत होती. मी थोडं बोललो. दुसऱ्या दिवशी ती निघून गेली. तेव्हापासून अक्षरा घरातही बोलत नाही. हातानं दाखवते.

एवढं सगळं डोक्यावर असताना तुझ्या पत्राला उत्तर दिलं, हे लक्षात घे.

तुझा,
उमाशंकर

◆

मुदखेड,
१७ जुलै २०२५

उमाशंकर,

तुझं पत्र मी उभ्यानेच वाचलं.

'थोडं बोललो' म्हणजे काय, ते अव्वानं मला आता सांगितलं. मी पत्र वाचून दाखवलं तेव्हा तिचं तोंड उघडलं. तू नातीच्या समोर तिला म्हणालास, "तुझ्यामुळं माझी पोरगी मुकी होऊन राहिली." म्हणालास की नाही? आणि पोर मांडीवरून उठून तुझ्यामागे जाऊन उभी राहिली. तुला मंदबुद्धी पाहायची असेल तर आरसा घे!

चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस. अरे, आपण उदगीरला कसे वाढलो? घरात कानडी, शाळेत मराठी, गल्लीत पठाणांच्या पोरांबरोबर दखनी. तू तर शिव्या तिन्ही भाषांत द्यायचास आणि एकही चुकत नव्हती. देगलूरकडची लेकरं तेलुगूत रडतात, मराठीत भांडतात आणि कानडीत सौदा करतात. चोवीस वर्षं मी नर्स म्हणून उपकेंद्रावर काम करते, आता उमरी तालुक्यात अकरा गावं माझ्याकडे आहेत. दोन भाषांनी जीभ जड झालेलं एक लेकरू मला दाखव, मी नोकरी सोडते. त्या मॅडमना कानडी नको होतं, एवढंच. आणि त्या डॉक्टरांना मान वर करायची नव्हती. तुम्ही सगळ्यांनी मिळून म्हातारीची भाषा कापली आणि पोरीच्या तोंडात एकदा बघितलंसुद्धा नाही!

आता माझं ऐक. आज संध्याकाळी अक्षराला समोर बसव. दटावू नकोस. जीभ बाहेर काढायला सांग. खालच्या ओठाच्या पुढे येते का? टोक मध्ये खेचल्यासारखं, खाच पडल्यासारखं दिसतं का? वरच्या ओठावर गूळ लाव आणि चाटायला सांग. तोंड मोठं उघडून जीभ टाळूला लावायला सांग आणि खाली बॅटरीनं बघ. जिभेखाली एक पातळ पडदा सगळ्यांनाच असतो. काहींचा तो आखूड असतो आणि पार टोकापर्यंत चिकटलेला असतो. बऱ्याच लेकरांचं त्यानं काही अडत नाही. पण काहींची जीभ वरच जात नाही, मग ट, ड, ल, ळ, र असले आवाज निघत नाहीत. अक्षराचे नेमके कोणते आवाज जातात ते एका कागदावर लिहून पाठव.

सात वर्षं! घरात नर्स आत्या असून सात वर्षं कोणी त्या पोरीच्या जिभेखाली बघू नये? मला एकदा कोणी सांगितलं असतं, तर पहिल्याच दिवशी बघितलं असतं.

तुझी,
आक्का

◆

लातूर,
२२ जुलै २०२५

ती. आक्कास,

तू सांगितलंस तसं केलं. शिल्पानं मोबाइलची बॅटरी धरली.

जीभ खालच्या ओठापर्यंतच येते. टोकाला खाच पडते. गूळ वरच्या ओठावर तसाच राहिला, शेवटी तिनं बोटानं पुसून खाल्ला. जीभ टाळूला लागत नाही. खाली पांढरा ताणलेला पडदा आहे, अगदी टोकापर्यंत. जाणारे आवाज तू लिहिलेस तेच.

ती मॅडम, तो डॉक्टर आणि मी, आमच्या सगळ्यांबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे.

पण आक्का, 'मला एकदा कोणी सांगितलं असतं' असं लिहिलंस, ते वाचून शिल्पानं पत्र परत माझ्यापुढं ठेवलं. तुला खरंच आठवत नाही?

फेब्रुवारी २०१८. उदगीर, अक्षराचं बारसं. बाळ तासतासभर अंगावर प्यायचं आणि तरी रडायचं. शिल्पाला जखमा झाल्या होत्या. अव्वानं सगळ्या बायकांसमोर तुला सांगितलं, "अंबिका, कूसूची नालगी, बाळाची जीभ गं, खाली बांधलेली हाय. दोरा हाय बघ. तू नर्स हाईस, जरा बघ." तू बाळाकडे पाहिलंसुद्धा नाहीस. म्हणालीस, "अव्वा, मला शिकवू नको. तुझ्याकडच्या सुईणी नखानं लेकरांच्या जिभा फाडायच्या, तसलं काही करून बसशील. या घरात परत जिभेचं नाव काढायचं न्हाई." मग शिल्पाला म्हणालीस, तुला बाळ धरता येत नाही, आजकालच्या पोरींना धीर नाही. बारशानंतर आठव्या दिवशी बाटली लागली.

अव्वानं त्यानंतर कधी जिभेचं नाव काढलं नाही. तू नर्स होतीस ना. तुला कळतंय असं आम्ही सगळे समजलो. भाषेचा नियम मी केला, तो माझा गुन्हा, मी नाकारत नाही. पण अव्वाचं तोंड या घरात पहिल्यांदा बंद कोणी केलं, तेही एकदा तुझ्या न्यायात घे.

तुझा,
उमाशंकर

ताई, मी शिल्पा. त्यांनी लिहिलं ते सगळं खरं आहे. मला भांडायचं नाही. मला सात वर्षं वाटत होतं की मीच लेकराला दूध पाजू शकले नाही. एवढंच लिहायचं होतं.

◆

मुदखेड,
१४ ऑगस्ट २०२५

चि. उमाशंकर आणि चि. शिल्पा,

राखी पाठवली नाही. पाठवायला तोंड नव्हतं.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी तुम्हाला तावातावाने उत्तर लिहिलं आणि फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. दोन्हीत मी स्वतःचीच वकिली केली होती. बारशाला दोन दिवसांची सुट्टी काढून आले होते, दमले होते, बायकांचा गोंगाट होता. सगळं खरं आणि सगळं फुकाचं. मला आठवलं, उमाशंकर. अव्वाचा हात बाळाच्या हनुवटीवर होता, ते सुद्धा आठवलं.

तुम्हाला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. २००१ साली माझी पहिली नेमणूक हिमायतनगर तालुक्यात होती. तिथं भागवत नावाच्या शेतकऱ्याचं पहिलं लेकरू. सुईणीने करंगळीचं नख वाढवलेलं होतं, त्याच नखाने तिनं बाळाच्या जिभेखालचा पडदा तोडला. सहाव्या दिवशी बाळाचा जबडा बसला, आठव्या दिवशी गेलं. धनुर्वात. मी त्या बाईच्या हाताला धरून ओरडले होते. त्यानंतर मी गावोगाव सांगत फिरले, जिभेला कोणी हात लावायचा नाही. ते बरोबरच होतं. आजही सांगेन.

पण माझी अक्कल तिथंच अडकली. सुईणीचं नख वाईट म्हणून सुईणीचा डोळाही वाईट, असं मी धरून चालले. अव्वानं मला कापायला सांगितलं नव्हतं. तिनं फक्त बघायला सांगितलं होतं. अकरा गावांतल्या लेकरांची तोंडं उघडून बघणारी मी, माझ्या घरात दिव्याखाली अंधार.

शिल्पा, तुझं दूध कमी नव्हतं. बाळाच्या जिभेला ओढताच येत नव्हतं. तू नीट धरत होतीस. मी चुकीचं बोलले, आणि सात वर्षं उशिरा सांगते आहे. तुझी क्षमा मागते. वयाने मोठी आहे म्हणून कमी मागत नाही.

काल अव्वाला सगळं सांगितलं. मला वाटलं, रडेल, नाहीतर 'जाऊ दे' म्हणेल. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "तू मला बारशात गप्प केलीस. त्यानं मला घरात गप्प केलं. दोघं लई शिकलात." एवढं म्हणून ताट उचलून आत गेली. आता माझ्याशीही बोलत नाही. मोटारीशी बोलते.

आता कामाचं. नांदेडच्या सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या सर्जनना मी भेटले. ११ सप्टेंबरला तपासून लगेच जीभ मोकळी करतील. भूल देऊन वीस-पंचवीस मिनिटांचं काम आहे. घाबरू नका.

तुमची,
अंबिका

◆

लातूर,
२० ऑगस्ट २०२५

ती. आक्कास,
शरणु शरणार्थी.

शिल्पानं तुझं पत्र तिच्या कपाटात ठेवलंय. मला परत वाचायला देत नाही.

एक विचारायचं होतं. घाईघाईत मी अक्षराला इथल्या एका दवाखान्यात दाखवलं, बाहेर मोठा बोर्ड आहे, जीभ आणि ओठ लेझरने मोकळे. त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं की जीभही बांधलेली आणि वरचा ओठही बांधलेला. ओठ उचलून दाखवला, हिरडीला पडदा आहे खरा. दोन्ही एकदम करा म्हणतात. शिवाय पाळण्यातल्या बाळांचंही तिथं तेच चाललं होतं, रांग होती. म्हणाले, दुसऱ्या दिवसापासून पोरगी घडाघडा बोलेल. नांदेड लांब पडतं. करून टाकू का?

अक्षरा अजून गप्पच. शाळेची दुसरी चिठ्ठी आली आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी शेवटची भेट.

उमाशंकर

◆

मुदखेड,
२४ ऑगस्ट २०२५

उमाशंकर,

नाही, नाही आणि नाही!

तुला आता सगळीकडे पडदाच दिसायला लागलाय. तुझा स्वतःचा वरचा ओठ उचल आणि आरशात बघ. तिथं पडदा आहे. माझ्याही आहे, दाजींच्याही आहे. तो असतोच. लहानपणी जाड दिसतो, पक्के दात येतात तसा वर सरकतो. त्याचा बोलण्याशी काही संबंध नाही. आधी कोणी तोंडात बघत नव्हतं, आता बघणारे निघाले तर त्यांना जे दिसेल ते कापायचंय. आणि ती रांगेतली पाळण्यातली लेकरं? त्यातल्या किती जणांचं दूध पिणं कोणी आधी बसून बघितलं असेल?

दुसऱ्या दिवशी घडाघडा बोलेल म्हणणाऱ्याला विचार, सात वर्षं बांधलेला बैल सोडल्या सोडल्या शर्यतीत पळतो का? जीभ मोकळी झाली की तिला शिकवावं लागतं. महिनेच्या महिने जातात. कधी पूर्ण येतं, कधी थोडं राहतं. हे जो सांगेल तो डॉक्टर. मी नांदेडचं ठरवलंय, तिथंच या.

आक्का

◆

लातूर,
२८ सप्टेंबर २०२५

ती. आक्कास,
शरणु शरणार्थी.

ऑपरेशनची जखम भरली. टाके विरघळले. सर्जननी ओठाला हात लावला नाही, तुझंच बोलणं बोलले.

तू दवाखान्यात सगळं पाहिलंस, तरी मला लिहायचंय, कारण तिथं मला बोलता आलं नाही. भूल उतरल्यावर अव्वा खाटेजवळ आली. अक्षराचे डोळे कसे झाले ते तू पाहिलंस. पोरीनं हात पुढं केले आणि तोंड उघडायच्या आधी माझ्याकडं पाहिलं. परवानगीसाठी. माझी लेक तिच्या आजीशी बोलायला माझी परवानगी मागत होती. आणि अव्वा? अव्वानं माझ्याकडं पाहिलं आणि मराठीत विचारलं, "बरं हाय?" भाजीवालीला विचारावं तसं.

मला मारलं असतंस तरी चाललं असतं, आक्का.

आता पुढचं ऐक. तू नांदेडला सांगितलंस त्या स्पीच थेरपीच्या बाईंकडे दोनदा जाऊन आलो. भल्या बाई आहेत. त्यांनी अक्षराला खेळणी दिली, तासभर नुसतं पाहिलं. मग आम्हाला विचारलं, ही सगळ्यात मोकळी कोणाशी बोलायची? शिल्पा म्हणाली, आजीशी. कोणत्या भाषेत? कानडीत. तर बाई म्हणाल्या, मग तिथूनच सुरू करा. रोज वीस मिनिटं, ज्या माणसाशी आणि ज्या भाषेत ती हसते, त्या भाषेत. बोलायचीच भीती बसली आहे, आवाज नंतर येतील. मी विचारलं, भाषांचा घोळ नाही का होणार? बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी खाली बघितलं.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातला कागद काढला. अक्षरानं तो माझ्या हातातून घेतला आणि त्याची होडी केली. पण बोलली नाही.

१७ ऑक्टोबरला शाळेत शेवटची भेट आहे. आक्का, अव्वाला पाठव. मी न्यायला येतो. तिला सांग, या घरात तिनं फक्त कानडीच बोलायचं. माझ्या वतीनं पाया पड.

उमाशंकर

◆

मुदखेड,
५ ऑक्टोबर २०२५

चि. उमाशंकर,

तुझ्या वतीनं पाया पडायला गेले, तर अव्वानं पाय आत घेतले. "त्याचे त्याला पडू दे," म्हणाली.

तुझं पत्र वाचून दाखवलं. 'फक्त कानडीच बोलायचं' इथं आल्यावर ती हसली, पण तसलं हसू मला पुन्हा बघायचं नाही. म्हणाली, "आधी म्हणला बोलू नको, आता म्हणतो बोल. मी काय रेडिओ हाय, ह्यानं पिरगळला की सुरू?" बोलायला मला तरी कुठं जागा आहे?

दोन दिवस तिनं काही सांगितलं नाही. आज सकाळी स्वतः वही-पेन माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, लिही. तिनं कानडीत सांगितलं ते मी मराठीत उतरवते:

"उमाशंकर, मी येते. तुझ्यासाठी येत नाही, माझ्या कूसूसाठी येते. तिच्याशी मला काय बोलायचं ते मी बोलेन, तू आणि तुझ्या बाई वीस मिनिटं मोजू नका. शिल्पाला सांग, तिची मला काही तक्रार नाही, ती पोर माझ्याबरोबरच बोलणी खाल्लेली आहे. मी शाळेत येणार. ज्या मॅडमनी तीन वर्षांपूर्वी माझी भाषा बंद करायला सांगितली, त्यांच्यासमोर मला बसायचं आहे. मी माझ्या भाषेत बोलेन. त्यांना कळायचं नाही म्हणून तू त्यांना मराठीत सांगायचं. मी दुकानात गिऱ्हाईकाशी तुला गोड बोलताना ऐकलंय. तसं करायचं नाही."

मी विचारलं, "अव्वा, अंबिकेसाठी काही?" तर म्हणाली, "ती इथंच हाय, तिला तोंडावर सांगीन." अजून सांगितलेलं नाही. मी वाट बघते आहे.

येऊन घेऊन जा.

आक्का

◆

लातूर,
१७ ऑक्टोबर २०२५

ती. आक्कास,
शरणु शरणार्थी.

शाळेतून आलो आणि दुकान न उघडता हे लिहायला बसलो आहे.

अव्वा येऊन आठ दिवस झाले. पहिले दोन दिवस अक्षरा तिच्या पदराला धरून नुसती फिरली. तिसऱ्या दिवशी गच्चीवरून आवाज आला. मी जिन्यातच थांबलो, वर गेलो नाही. अव्वा विहिरीची गोष्ट सांगत होती आणि अक्षरा मध्येच अडवून काहीतरी विचारत होती. शब्द कळत नव्हते. जिन्यात बसून मी रडलो, हे दाजींना सांगू नकोस.

पण माणसांसमोर ती अजून गप्पच. आज सकाळीही शाळेच्या दारात तिनं माझं बोट घट्ट धरलं.

मॅडमच्या समोर आम्ही चौघं बसलो. मी आणि शिल्पा, मध्ये अव्वा, तिच्या गुडघ्याला टेकून अक्षरा. मी ऑपरेशनचे कागद पुढे केले. मॅडमनी चाळले, म्हणाल्या, "बरं झालं, आधीच दाखवायला हवं होतं तुम्ही." तुम्ही! तरी मी "हो मॅडम" म्हणालो. सवय आहे.

मग अव्वा बोलायला लागली. सावकाश, हात मांडीवर ठेवून, कानडीत. आवाज चढवला नाही. तिनं विचारलं, तुम्ही माझ्या नातीच्या तोंडात एकदा तरी बघितलं का? न बघता तुम्ही मला माझ्या घरात मुकी केली. तीन वर्षं मी तिला झोपताना एक गोष्ट सांगितली नाही. तिला वाटलं, अज्जी रुसली. तुम्हाला लाज वाटायला पाहिजे. माझ्या पोरालाही वाटायला पाहिजे, तो इथंच बसलाय.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. आणि आक्का, तुझ्यापासून लपवत नाही. समोर तो नाव काढून टाकायचा कागद होता. अव्वानं बजावलेलं सगळं मी विसरलो. मी म्हणालो, "मॅडम, आई म्हणते की तोंड आधी तपासलं असतं तर बरं झालं असतं. बाकी शाळेनं लई काळजी घेतली म्हणते."

अव्वाला तेवढं मराठी कळतं. तिनं फक्त डोळे मिटले.

तेव्हा अक्षरा तिच्या गुडघ्यापासून सुटली आणि टेबलाजवळ गेली. त्या खोलीत, जिथं तीन वर्षांत तिनं एक शब्द उच्चारला नव्हता. म्हणाली, "बाबा, अज्जी तसं न्हाई म्हणली." मग मॅडमकडे वळून, "अज्जी म्हणली, तुम्ही माझ्या तोंडात बघितलं न्हाई. अज्जी म्हणली, तुम्हाला लाज वाटायला पायजे." आणि माझ्याकडे बोट करून, "ह्यांना पण."

शिल्पानं माझा हात धरला. मॅडमनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "काय म्हणाली ही?"

मी तोंड उघडायच्या आत अक्षरानं सगळं पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्यानं. शिपाई दारातून आत बघायला लागला. तिचा ल अजून जड आहे, आक्का, आणि ट निसटतो. पण दुसऱ्या वेळी मॅडमना कळलं.

तुझा,
उमाशंकर